नवीन जोडलेला पीसी, हार्डडिस्क बदलून झाली तरी डिस्क एरर थांबत नाहीयेत

कोरी_पाटी:

नमस्कार मंडळी, तीन आठवड्यांपूर्वी मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडला आणि त्यातले दोन आठवडे मी नुसती डिस्कच्या मागे लागलीये. आता डोकं चालेना म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल पण सगळं एकदाच सांगते.

मशीन असं आहे. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर४ ३६०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, विंडोज १ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर, आणि फोटो-व्हिडिओ ठेवायला २ टीबीची साटा (म्हणजे केबलने बोर्डाला जोडायची) हार्डडिस्क. पॉवर सप्लाय ५५० वॉटचा. सगळं नवं कोरं, फक्त साटाची डेटा केबल तेवढी जुन्या मशीनमधली काढून लावली कारण बोर्डसोबत आलेली केबल डिस्कच्या खणापर्यंत पोचत नव्हती.

पहिले चार-पाच दिवस काही तक्रार नाही. मग जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली आणि तिथून सगळं बिघडलं. कॉपी चालू असताना मध्येच आकडा शून्यावर येतो, एक्सप्लोरर गोठतो, अर्धा-एक मिनिट काहीच हलत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं परत सुरू. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची एररची नोंदवही, उघडला तर पिवळ्या ओळींची रांग, १२९ आणि १५३ नंबरच्या, आणि मध्येमध्ये लाल ५५, त्यात लिहिलंय की फाइल सिस्टिमची रचना बिघडलीये. रीस्टार्ट केलं की चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, आपोआप सुरू होतं. मी स्वतःहूनही तीन वेळा चालवलं, प्रत्येक वेळी काहीतरी सापडतं, दुरुस्त केलं म्हणतं, आणि दोन दिवसांनी परत तेच.

डिस्कच खराब आली असं वाटून मी ती बदलून घेतली. नवीन आली, तीच केबल, तोच पोर्ट, पाच दिवसांत तेच सगळं! झिप फाइली उघडताना सेवन-झिप सीआरसी फेल्ड (आतला डेटा जुळत नाही) म्हणतं, आणि गंमत नाही सांगत, तीच फाइल संध्याकाळी रीस्टार्टनंतर नीट उघडते. फोटोंपैकी काही उघडले की वरचा अर्धा भाग बरोबर आणि खालचा सगळा हिरवट पडलेला. त्यातला एक आईचा आहे. ते बघितल्यापासून मी नव्या डिस्कवर काही टाकायलाच घाबरतेय.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो दोन्ही डिस्कना गुड दाखवतं, निळा रंग. हार्डडिस्कचे ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आहेत. सी७ च्या पुढे बरीच शून्यं आणि शेवटी १ए४ असं काहीतरी आहे. तापमान ठीक, गेम तासन्‌तास चालतात, मशीन कधी बंद पडलं नाही की निळी स्क्रीन आली नाही. तिसरी डिस्क मागू का? की बोर्डाचा साटा पोर्टच गेलाय?

खटपट्या:

ताई, तिसरी डिस्क अजिबात मागू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांमध्येच अर्धं उत्तर आहे.

०५ म्हणजे डिस्कने खराब निघाले म्हणून बदललेले सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून संशयाखाली ठेवलेले, सी६ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. डिस्कची तबकडी स्वतः खराब होत असती तर या तिघांपैकी एक तरी वर गेला असता. तुमचे तिन्ही शून्य. सी७ मात्र वेगळी गोष्ट आहे, तो डिस्कच्या आतला बिघाड मोजतच नाही, डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेवर डेटा किती वेळा विस्कटला ते मोजतो. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, दाखवतं, त्यामुळे तुमचं १ए४ म्हणजे ४२०. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे १० वालं डेसिमल निवडा म्हणजे साधे आकडे दिसतील. पाच दिवसांच्या डिस्कवर ४२० म्हणजे फारच झाले, चांगल्या केबलवर हा आकडा वर्षानुवर्षं शून्यावर राहतो.

केबल बदला. जुन्या केबलला टोकाला धातूची ती छोटी क्लिप आहे का बघा, नसेल तर ती साइड पॅनल लावताना दाबली जाऊन सैल होते आणि बाहेरून बघताना अगदी नीट लावलेली वाटते. मी एकदा असाच दोन दिवस घालवलेत, केबल बोटाने हलवली की डिस्क गायब, सोडली की हजर. नवीन केबल क्लिपवाली घ्या, काटकोनात करकचून दुमडू नका, आणि एकदा लावल्यावर पॅनल बंद करून परत आतून बघा की ते केबलला ढकलत तर नाहीये ना. पॉवरची वायरही दुसऱ्या टोकावरून द्या, चार पिनी मोलेक्सचं साटा करणारं अडॅप्टर मध्ये असेल तर काढूनच टाका.

आणि हो, सी७ कधीच खाली येत नाही, दुरुस्त झाल्यावरही ४२० ला ४२० च राहणार. तो वाढतोय की थांबलाय एवढंच बघायचं. आज आकडा लिहून ठेवा, केबल बदलून दोनशे-तीनशे जीबी कॉपी करा आणि परत बघा.

दगडी_चाळ:

मला वाटतं बॅचच खराब असणार, एकाच ठिकाणहून दोन्ही आल्यात ना. दुसऱ्या कंपनीची घ्या सरळ. तोपर्यंत चेकडिस्क स्लॅश आर लावून रात्रभर सोडा, सगळे सेक्टर तपासून खराब बाजूला काढेल, नाहीच झालं तर फुल फॉरमॅट मारा.

रात्रपाळी:

थांबा, कोणीही आता त्या मशीनवर चेकडिस्क चालवू नका, स्लॅश आर तर नाहीच नाही. दगडी_चाळ, तुमचा सल्ला एरवी बरोबर ठरला असता पण इथे तो नुकसान करेल, का ते सांगतो.

खटपट्याने केबलचं पकडलं ते शंभर टक्के बरोबर आहे, केबल बदलायलाच हवी. पण ताई, तुमच्या मशीनमध्ये मला दोन वेगवेगळे आजार दिसतायत आणि केबल त्यातला एकच बरा करेल. साटावर जो डेटा जातो त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक चेकसम, म्हणजे ताळा पाहायचा आकडा, जातो. वाटेत बिघडला तर समोरच्याला लगेच कळतं, तो तुकडा टाकून देतो आणि परत मागवतो. सी७ वाढतो तो त्यामुळे, तुमचा एक्सप्लोरर गोठतो तो त्यामुळे, १२९ म्हणजे उत्तर येईना म्हणून विंडोजने डिस्कला रीसेट दिला आणि १५३ म्हणजे तीच मागणी परत केली. हे सगळं केबलच्या खात्यावर. पण यात चुकीचा डेटा गुपचूप आत शिरत नाही, हळू होतं किंवा एरर येतो एवढंच. डिस्कच्या आत पण तसंच, प्रत्येक सेक्टरबरोबर दुरुस्तीचा कोड लिहिलेला असतो, सेक्टर एक तर बरोबर वाचला जातो किंवा डिस्क वाचता येत नाही म्हणून सांगते. अर्धवट बरोबर असलेला सेक्टर ती खपवून देत नाही.

मग हिरवा पडलेला फोटो कुठून आला? सकाळी फेल आणि रीस्टार्टनंतर पास होणारी झिप कुठून आली? डिस्कवरचा डेटा चुकीचा असता तर ती झिप संध्याकाळीही फेलच झाली असती ना. म्हणजे त्या फाइलचं निदान वाचताना कुठेतरी बिघडलं, आणि वाचलेली प्रत्येक गोष्ट आधी जिथे येऊन थांबते ती जागा म्हणजे रॅम.

म्हणून चेकडिस्क नको म्हणतोय. चेकडिस्क फाइल सिस्टिमची वही रॅममध्ये आणतं, तिथे तपासतं आणि दुरुस्त करून परत डिस्कवर लिहितं. रॅमच चुकीचं सांगत असेल तर ते चांगल्या पानावर खाडाखोड करून ठेवेल. तुम्ही तीन वेळा चालवलंत आणि तिन्ही वेळा नवीन चूक सापडली, हे तसंच काहीतरी होत असण्याची दाट शक्यता आहे.

आता मला तीन गोष्टी सांगा. पहिली, ५५ नंबरच्या लाल ओळी फक्त हार्डडिस्कच्या अक्षरासाठी आहेत की सी ड्राइव्हसाठी पण? एनव्हीएमई साटा केबलवर नाहीये, ती थेट बोर्डात बसते, तिथेही बिघाड असेल तर केबलचा प्रश्नच मिटला. दुसरी, १६ जीबीपेक्षा मोठी कुठलीही एक फाइल घ्या, २० जीबीची वगैरे, आणि विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, पाच-सहा वेळा काढा. मोठी अशासाठी की लहान फाइल पहिल्यांदा वाचल्यावर रॅममध्येच राहते आणि विंडोज दर वेळी तीच प्रत दाखवतं, मग उत्तर सारखंच येणार. सगळे हॅश तंतोतंत सारखे यायला हवेत, एक जरी वेगळा आला तरी संपलं. तिसरी, ३ जीबीचा एखादा व्हिडिओ पाच वेळा कॉपी करा आणि एफसी स्लॅश बी या बाइट-बाइट तुलना करणाऱ्या कमांडने प्रत्येक कॉपी मूळ फाइलशी ताडून बघा. काही फरक निघाला तर त्या ओळी जशाच्या तशा इथे टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी डिस्क जिच्यावर मूळ फोटो आहेत ती आत्ताच्या आत्ता या मशीनमधून काढून बाजूला ठेवा. पुसू नका, फॉरमॅट करू नका, तिच्यावर चेकडिस्क चालवू नका.

कोरी_पाटी:

जुनी डिस्क तुमचं वाचल्या वाचल्या काढली आणि कपाटात ठेवली. मी ती या शनिवारी पुसून देऊन टाकणार होते, म्हणजे खरंच दोन दिवसांचा फरक होता. आभार मानू तेवढे कमी आहेत.

आता उत्तरं. नवीन क्लिपवाली केबल लावली, पोर्टही बदलला. जुनी केबल काढताना लक्षात आलं की बोर्डाकडच्या टोकाला क्लिप होती पण डिस्ककडच्या टोकाची तुटलेली होती, नुसतं प्लास्टिक राहिलं होतं. नंतर जवळपास ३०० जीबी कॉपी केलं, एकदाही गोठलं नाही, १२९ नाही, १५३ नाही, सी७ ४२० वरच. खटपट्या, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

पण रात्रपाळी, तुमचंही खरं निघालं. ५५ च्या ओळी मी नीट उघडून बघितल्या, अकरापैकी चार सी ड्राइव्हच्या आहेत. मी आधी बघितलंच नव्हतं, डिस्क म्हणजे हार्डडिस्क असंच धरून चालले होते. एनव्हीएमईच्या पानावर मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्य आहे. हॅश सहा वेळा काढला, चार सारखे आले, दोन वेगळे, आणि ते दोन एकमेकांशीही जुळत नाहीत. हे बघून पोटात गोळा आला.

व्हिडिओच्या पाच कॉपींपैकी तीन जुळल्या. दुसरीत एक ओळ आली, चौथीत दोन. डावीकडचा मूळ फाइलमधला, उजवीकडचा कॉपीमधला:

०ए३एफ२६बी८: ६बी ४बी
१सी०७बी६बी८: ए७ ८७
२ई९११६बी८: ३१ ११

यातून काही कळतं का? मला तर तीन जीबीत तीनच अक्षरं चुकली म्हणजे फारच कमी वाटतंय.

रात्रपाळी:

ताई, यातून जवळजवळ सगळंच कळतं.

शेवटचे दोन रकाने बघा. ६बी चं ४बी झालं, ए७ चं ८७ झालं, ३१ चं ११ झालं. तिन्ही ठिकाणी फरक बरोबर हेक्समधल्या २० चा आहे. म्हणजे बाइटमधल्या आठ बिट्सपैकी एकच बिट, तोही दर वेळी तोच, आणि दर वेळी १ चा ० होतोय, ० चा १ कधीच नाही. डिस्कचा बिघाड असा नसतो, डिस्क गेली की अख्खा सेक्टर जातो, ५१२ किंवा ४०९६ बाइट एकदम.

आता डावीकडचे लांब आकडे बघा, फाइलमधली जागा. तिन्ही जागा एकमेकींपासून कोट्यवधी बाइट लांब आहेत पण शेवटचे तीन आकडे तिन्हीकडे ६बी८. हा योगायोग नाही. विंडोज फाइल रॅममध्ये आणतं ती ४०९६ बाइटच्या पानांमध्ये, आणि हेक्समधले शेवटचे तीन आकडे म्हणजे त्या पानावरची जागा. कुठल्याही फाइलचं कुठलंही पान ज्या वेळी रॅमच्या त्या एका विशिष्ट पानावर येऊन बसतं तेव्हा तिथला ६बी८ व्या जागेचा एक बिट १ धरून ठेवू शकत नाही. एवढंच. १६ जीबीमधलं एक घर.

आणि म्हणूनच गेम चालतात, निळी स्क्रीन येत नाही. ते पान ज्याच्या वाट्याला येईल त्याचं नुकसान. टेक्स्चर आलं तर एक ठिपका वेगळ्या रंगाचा, कोणाला दिसणारही नाही. झिप आली तर सीआरसी फेल. फोटो आला तर तिथून पुढचे रंग हलले, जेपेगमध्ये एक बिट चुकला की त्याच्या पुढचं सगळं चुकत जाऊ शकतं. फाइल सिस्टिमची वही आली तर इव्हेंट ५५. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टिम, फाइलच्या आतल्या डेटाचा चेकसम ठेवत नाही, त्यामुळे चुकीचं जे लिहिलं गेलं ते त्याच्या दृष्टीने बरोबरच, तक्रार कोणीच करत नाही. मला या प्रकारच्या बिघाडाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती यामुळेच, मशीन पूर्ण बंद पडलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणायची वेळ येते.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या, फुकटवाल्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. विंडोजमधली मेमरी टेस्ट नको, तिच्यातून असे एकटेदुकटे बिट निसटलेले मी बघितलेत.

खटपट्या:

वा, हे ६बी८ वालं मला माहीत नव्हतं, एफसी मी कितीदा वापरलंय पण जागेच्या शेवटाकडे कधी बघितलंच नाही.

एक भर घालतो. ३६०० हा वेग एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली तयार सेटिंग, चालू केल्यावर मिळतो, ५६०० च्या मेमरी कंट्रोलरचा अधिकृत वेग ३२०० पर्यंतच आहे. त्यामुळे आधी बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून बघा, कधीकधी स्टिक चांगली असते आणि नुसता वेग झेपत नसतो, व्होल्टेज कमी पडतं किंवा स्टिक नीट बसलेली नसते. दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना तेही बघून घ्या.

रात्रपाळी:

बरोबर, दोन्ही प्रकारे चालवा. पण माझा अंदाज आहे की एक्सएमपी बंद करूनही येणार, कारण वेग झेपत नसला की साधारणपणे चुका विखुरलेल्या येतात, आज इथे उद्या तिथे. एकच घर एकाच दिशेने चुकतंय म्हणजे ते घरच गेलंय. तरी चाचणीशिवाय नको, माझ्या अंदाजावर वस्तू परत करू नका.

दगडी_चाळ:

माझा वरचा सल्ला मागे घेतो. ताई, माझ्यामुळे तुम्ही स्लॅश आर चालवलं नाहीत ना? रात्री तेच डोक्यात होतं.

कोरी_पाटी:

नाही चालवलं, काळजी करू नका, त्याआधीच थांबवलं यांनी.

मेमटेस्टचं झालं. पहिली रात्र एक्सएमपी चालू ठेवून. झोपायला जायच्या आधी म्हटलं पाच मिनिटं बघू, तर पहिल्याच फेरीत लाल ओळ आली. पत्त्याचा शेवट ६बी८! एरर बिट्समध्ये ००००००२०. मी खुर्चीतून उठलेच, तुम्ही कागदावर काढून दाखवलेली जागा स्क्रीनवर जशीच्या तशी. सकाळपर्यंत अशा बऱ्याच ओळी झाल्या होत्या पण पत्ता सगळ्यांचा एकच.

दुसऱ्या रात्री एक्सएमपी बंद, वेग २६६६. तरीही तीच ओळ, तोच पत्ता.

मग एकेक स्टिक. पहिली एकटी दुसऱ्या खाचेत लावली, चार फेऱ्या, शून्य चुका. ती काढून त्याच खाचेत दुसरी लावली तर दहा मिनिटांत लाल. पत्ता मात्र बदलला होता, बिट तोच २०. पत्ता बदलला म्हणून घाबरले, हे वेगळंच काही नाही ना? चांगली स्टिक मग चौथ्या खाचेतही चालवून बघितली, तिथेही स्वच्छ.

रात्रपाळी:

पत्ता बदलणारच. दोन स्टिक असताना प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर डेटा दोघींमध्ये वाटून लिहितो, एक ओळ हिला एक तिला, एकच राहिली की सगळा नकाशा बदलतो. घर तेच, घर नंबर वेगळा. बिट तोच आला यातच सगळं आलं, आणि चांगली स्टिक दोन्ही खाचांत स्वच्छ चालली म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसरवरचा संशयही गेला. फार नेटकं काम केलंत.

आता पुढचं. खराब स्टिक काढून ठेवा आणि चांगल्या एका ८ जीबीवर मशीन चालवा, हळू चालेल पण खरं बोलेल. वॉरंटीत देताना दोन्ही स्टिक एकत्र द्या, जोडी म्हणून विकलेली रॅम जोडीनेच बदलून घ्यायची, नाहीतर एक जुनी एक नवी असं होतं आणि एक्सएमपीवर परत कटकटी सुरू होतात. मेमटेस्टचा एचटीएमएल रिपोर्ट पेनड्राइव्हवर साठवता येतो, तो सोबत द्या म्हणजे चर्चा होत नाही. आणि तोवर खराब स्टिक लावून बायोस अपडेट वगैरे अजिबात नको, बायोसची फाइल पण रॅममधूनच जाते.

विंडोज नव्याने टाका. एसएफसीने (विंडोजच्या फाइली तपासणाऱ्या कमांडने) दुरुस्त करत बसू नका, तीन आठवडे विंडोजच्या स्वतःच्या फाइली, अपडेट, रजिस्ट्री सगळं त्या रॅममधून लिहिलं गेलंय, काय काय बिघडलंय ते शोधण्यापेक्षा नवं टाकणं सोपं. हार्डडिस्कवर तीन चेकडिस्क झालेत, तिची फाइल सिस्टिमही आता भरवशाची नाही. पण ती लगेच फॉरमॅट करू नका. आधी जुन्या डिस्कवरून फोटो तिसऱ्याच कुठल्यातरी डिस्कवर घ्या, दोन्हीकडचे हॅश काढून जुळवा, आणि नव्या मशीनवरच तयार झालेल्या ज्या फाइली जुन्या डिस्कवर नाहीत त्या वेगळ्या काढून एकेक उघडून बघा. मग फॉरमॅट.

सव्वासात:

मध्येच विचारतोय त्याबद्दल माफी, पण माझ्याकडे पण १२९ येतो, फक्त हार्डडिस्क नाहीये, एकटी एनव्हीएमईच आहे. स्रोत म्हणून स्टॉरएनव्हीएमई लिहिलंय. केबल तर नाहीच मग बदलू काय? फाइली खराब झालेल्या नाहीत, नुसतं मधूनमधून गोठतं, तेही मशीन थोडा वेळ रिकामं बसलं की.

खटपट्या:

रिकामं बसल्यावर गोठतं म्हणजे बहुतेक वीज वाचवण्याच्या भानगडीत आहे, एसएसडी झोपते आणि वेळेवर उठत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या खाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा, एसएसडीचं फर्मवेअर आणि बोर्डाचा बायोस नवीन आलाय का बघा, आणि एसएसडी काढून परत नीट बसवा, स्क्रू घट्ट पण आवळून नाही. याने गेलं नाही तर वेगळा प्रश्न टाका, इथे ताईंचं राहू द्या.

कोरी_पाटी:

शेवटचं सांगायला आलेय. बारा दिवस लागले रॅमची जोडी बदलून यायला. तोवर एका स्टिकवर चालवलं, एकही ५५ नाही. नवीन जोडी आली तशी आधी मेमटेस्ट, विंडोज नंतर. एक्सएमपी चालू ठेवून चार फेऱ्या, शून्य. मग २० जीबीच्या फाइलचा हॅश दहा वेळा काढला, दहाही सारखे. मी ते दहा ओळींचं पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बघत बसले होते.

फोटोंचं: पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅशने जुन्या आणि नव्या डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची यादी काढून जुळवली. ११,२०० च्या आसपास फाइली होत्या, त्यातल्या ३७ जुळल्या नाहीत. त्या ३७ पैकी मला डोळ्यांनी उघडून फक्त नऊ ओळखता आल्या असत्या, बाकीच्या बघताना अगदी ठीक दिसत होत्या. सगळ्या जुन्या डिस्कवरून परत घेतल्या. आईचा फोटो पूर्ण आहे, तिच्या मागची खिडकी, खिडकीतलं झाड, सगळं जिथल्या तिथे.

दोन व्हिडिओ मात्र गेले. ते मी नव्या मशीनवरच एडिट केले होते, मूळ क्लिप कॅमेऱ्यातून पुसून झाल्या होत्या, आणि एक्सपोर्ट केलेल्या दोन्ही फाइली मध्येच फाटतात. त्याला काही इलाज नाही.

पहिली हार्डडिस्क मी खराब म्हणून परत केली होती, तिच्यात काहीच दोष नव्हता हे आता कळतंय. जिथून घेतली तिथे हे सगळं लिहून कळवलं, म्हणजे निदान तिची नीट तपासणी होईल.

दगडी_चाळ, तुम्ही येऊन सल्ला मागे घेतलात ते मला फार आवडलं. खटपट्या आणि रात्रपाळी, तुम्ही दोघांनी किती वेळ दिलात याची मला जाणीव आहे. जुनी डिस्क आता पुसणार नाहीये, तशीच डबीत घालून तारीख लिहून ठेवलीये, दर सहा महिन्यांनी जोडून हॅश ताडून बघायचं ठरवलंय. तुटक्या क्लिपची केबल कापून टाकली, चुकून परत कोणी लावायला नको. आणि सी७ आज सकाळी बघितला, ४२०.

खटपट्या:

४२० वाचून बरं वाटलं ताई. डबीत सिलिका जेलची पुडी टाका, दमट हवेत डिस्क नुसती ठेवू नका.